पल्लवीच्या पाठवणीला मी कुठं होते

हसायचं न्हाई, असं आधी कबूल करा, मंगच सांगते. आणि हसायचंच असंल तर चहाचा घोट घ्यायच्या आधी हसून घ्या. मागं आमच्या गल्लीतल्या एका बाईला सांगितलं, तर तिच्या नाकातून चहा आल्ता. आणि तीच बाई शेवटी डोळ्याला पदर लावून घरी गेली. असला हा किस्सा आहे. याला काय म्हणावं, मलाच कळत न्हाई.

तर मी माझ्या पोटच्या पोरीच्या लग्नात हरवले. जत्रंत लेकरू हरवतं ना, तशी. फरक एवढाच की लेकराला लोक शोधतात. मला कुणी शोधलंच न्हाई, कारण मी कुठं आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. आणि मी तिथं नव्हते!

थांबा, मी जल्दी करून राह्यले. माझं असंच होतं. पहिल्यापासून सांगते.

मी निर्मला. अंबडला राहते. घरच्या पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, सगळं करते. आमचे हे कोर्टात बेलिफ आहेत. लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवतात, म्हणून बाहेर त्यांना कुणी चहा विचारत न्हाई. घरी मी विचारते, पण मंग करायला विसरते. पल्लवी आमची एकुलती एक.

मी लहानपणापासूनची धांदरट. एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात बहिणीची चप्पल घालून शाळेत जायची. मेथी आणायला बाजारात गेले की कोथिंबीर, मिरच्या, पिठाची चाळणी, सगळं यायचं, मेथी सोडून. दूध उतू जाणं ही आमच्या घरात बातमीच न्हाई. माझी आई म्हणायची, "या पोरीचं डोकं धडाला चिकटलेलं हाय म्हणून बरं, न्हाईतर तेबी कुठंतरी ठिवून आली असती."

पण मशीनवर बसले ना, की सगळं गप व्हायचं! डोक्यात नुसता बाजार भरलेला असायचा, तो एकदम उठायचा. कोण आलं, कोण गेलं, भूक लागली का तहान, काही कळायचं न्हाई. ब्लाऊज तेवढा एक नंबर व्हायचा. त्या मशीनवरच तर माझं सगळं निभलं. संसारात नापास, पण शिलाईत पहिली.

आणि मंग पन्नाशीच्या तोंडाला पाळी जायला लागली. एकदाची सरळ गेली असती, तर हातात नारळ देऊन निरोप दिला असता की! पण ती बाई जाता जाता माझं डोकंच सोबत घेऊन गेली.

आता या वयाच्या बाया असाल तर तुम्हाला सांगायची गरज न्हाई. थंडीत पंखा लावायचा, आणि घरातल्यांनी गोधड्या घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं. पायाच्या तळव्यातून वाफ निघायची ती थेट कानापर्यंत. झोप न्हाई. जरा कुणी बोललं की रडू. ते सगळं मी सोसलं असतं हो. पण मशीनवर बसायची आणि लगेच उठायची. उठायची आणि का उठले ते विसरायची. माझी एकुलती एक हुशारी होती, तीच हातातून सुटली. एका गिऱ्हाईकाच्या ब्लाऊजला मी दोन्ही बाजूंना हूकच लावून दिले. ती बिचारी आरशासमोर उभी राहून राहून दमली आणि मला म्हणाली, "ताई, हे अडकवायचे कशात?"

मी वरून हसले. आतून लई घाबरले. मला वाटलं, मी येडी होऊन राह्यले. कुणाला सांगावं? ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आता नवीन काय झालं?"

पल्लवीच्या मात्र लक्षात आलं. तिनंच मला जालन्याला बायांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी सगळं विचारलं आणि म्हणाल्या, एकदा मनाच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हणलं, झालं, ठरलंच माझं! पण त्या दुसऱ्या मॅडम लई शांत बाई. शाळा कशी होती, घर कसं आवरता, वस्तू कुठं ठेवता, सगळं विचारलं. मधे मी माझी पर्स तिथंच त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर शोधायला गेल्ते, तेबी त्यांनी बघितलं.

मंग म्हणाल्या, "निर्मलाताई, याला एडीएचडी म्हणतात. लक्ष एका जागी टिकत नाही, आणि कधी एकाच कामात असं अडकतं की सोडवता येत नाही. हे तुम्हाला लहानपणापासून आहे."

"अहो मॅडम, ते तर वर्गात उड्या मारणाऱ्या पोरांना असतं ना?"

"तुम्ही उड्या मारत नव्हता. तुम्ही गपचूप खिडकीबाहेर बघत बसत होता. म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही."

त्यांनी पुढं समजावलं, की आजवर मी कसंबसं रेटून नेलं. बाईच्या अंगात जे हार्मोन असतं ना, त्याचा डोक्याला टेका असतो. पाळी जाताना ते कमी होतं आणि टेका निघतो. ज्या बाईला मुळातच हा त्रास आहे, तिचं मंग सगळं एकदम ढासळतं.

तिथं खुर्चीत बसून मी रडले. एवढी वर्षं मी स्वतःला नालायक समजून राह्यले होते. आईच्या शिव्या, मास्तरांच्या छड्या, सासूचे टोमणे, सगळं मला बराबरच वाटायचं. आणि त्याला एक नाव होतं! तेबी इंग्रजी चार अक्षरं. घरी येईपर्यंत त्यातलं एक अक्षर विसरलेबी.

त्यांनी गोळ्या सांगितल्या. आधी बीपी आणि रक्त तपासून घ्या म्हणाल्या. मी म्हणलं, पोरीचं लग्न तोंडावर आहे, ते होऊ द्या, मंग निवांत सुरू करते. आपल्या बायांचं हे असंच. जीव निघाला तरी म्हणतील, एवढा कार्यक्रम होऊ द्या.

घरात लग्नाची कामं वाटली गेली. हॉल ह्यांच्याकडं, जेवण माझ्या भावाकडं, आहेराच्या साड्या छायाताईकडं. छायाताई म्हणजे माझी नणंद. तिच्या हातून कधी टाचणीसुद्धा खाली पडत न्हाई. माझ्या वाटणीला काहीच आलं न्हाई. मी म्हणलं, "अगं पल्लवी, मी नवरीची आई आहे का पाहुणी?"

पल्लवी माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मम्मी, तू एकच काम कर. मी गाडीत बसंन ना, तेव्हा माझा हात धरून उभी ऱ्हा. दुसरं काही नको मला तुझ्याकडून."

"हे काय सांगायचं काम आहे का?"

"हो. सांगायचं काम आहे. तालुक्याला मला भाषणात बक्षीस मिळालं, तेव्हा तू दुसऱ्याच शाळेत जाऊन बसली होतीस. तिथल्या पोरींना टाळ्या वाजवून घरी आलीस."

"त्या पोरीबी चांगलं बोलल्या गं," मी म्हणलं.

ती हसली, पण डोळे भरले होते तिचे. "या वेळी चुकू नको, मम्मी. एवढं एकच."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "न्हाई चुकणार. मेले तरी उठून येईन." आणि मी मनापासून बोलले होते. तुम्हाला खोटं वाटंल, पण मी रोज त्याचीच उजळणी करायची. हात धरायचा, गाडीपाशी उभं राहायचं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी स्वतःवर पहारा ठेवून होते. मोबाईल हरवंल म्हणून पल्लवीच्या पर्समध्ये टाकला. त्याच्यात संध्याकाळी पाचचा अलार्म भाच्याकडून लावून घेतला, कारण निघायचं पाचलाच ठरलं होतं. पोरगी पांढऱ्या साडीत अशी दिसली म्हणून सांगू! वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली. मी हजर होते हो! फोटो आहेत. एका फोटोत डोळे मिटलेत, पण आहे मी.

जेवणं झाली. आता रीत अशी की विहीणबाईंना आहेराची साडी नेसवायची आणि मंग पाहुणे निघायचे. विहीणबाई आष्टीच्या. साधी, गोड बाई. त्यांच्या साडीवरचा ब्लाऊज मी हट्टानं स्वतः शिवला होता. शिलाईवालीची पोरगी देऊन राह्यलो, आणि विहिणीला शिलाई बाहेरची? लोक काय म्हणतील?

नवरीच्या खोलीत बाया जमल्या. विहीणबाईंनी ब्लाऊज घातला. मी म्हणलं, "विहीणबाई, जरा हात वर करा बरं."

एक हात गेला वर. दुसरा जाईना.

"काय झालं?"

"काय की हो. धरून ठिवल्यासारखं होतंय."

मी जवळ जाऊन बघितलं. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या! कापड दुमडून कापायला विसरले होते. शिकाऊ पोरगी पहिल्या महिन्यात करते, ती चूक.

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. छायाताईनं अशी मान हलवली, की जसं काही तिला हे आधीच माहीत होतं. विहीणबाई मात्र म्हणाल्या, "राहू द्या हो. मी हात खालीच ठिवते."

"आष्टीपर्यंत?"

"त्यात काय! कोणाला टाटा करायचाय मला?"

त्यांनी हसण्यावारी नेलं, पण माझ्या तळव्यातून वाफ निघालीच. कान तापले, पाठ भिजली. मला त्या क्षणी बाकी काही दिसेनाच. ती बाही, तेवढी बाही. मी म्हणलं, "द्या इकडं, दहा मिनिटांत आणते." त्यांनी आधीचा ब्लाऊज घातला आणि हा माझ्या हातात दिला. त्यांना वाटलं, मी तिथंच कुठंतरी बसून हातशिलाई मारणार. मी आचाऱ्यांच्या बाजूच्या दारानं निघाले. घर मागच्याच गल्लीत. कपाटात त्याच कापडाचा तुकडा उरलेला होता. आणि पाचाला अजून लई वेळ होता.

घरी कुणी नव्हतं. कुलूप काढलं, मशीनवर बसले. चुकलेली बाही उसवली. नवीन कापली, या वेळी खडूनं डावी-उजवी लिहून. अस्तर जोडलं. काठाला काठ जुळवला. मुंढ्याला, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथं, सुई लागली.

आणि मंग ते झालं.

डोक्यातला बाजार उठला. एकदम गप. दीड वर्षात जे झालं नव्हतं, ते त्या वेळी झालं. सुई पुढं, कापड पुढं, माझा हात पुढं, कुठं अडखळणं न्हाई. एक बाही झाली. मंग वाटलं, दुसरीपण उसवून पहिलीसारखी बसवावी. मंग वाटलं, हुकांखाली पट्टी लावावी. मंग गळ्याला नाजूक पायपिंग केलं, जे कुणी मागितलंच नव्हतं! मला वाटलं, मी परत आले. माझी मी मला सापडले. खरं सांगते, मी लई खुश होते.

तेवढ्यात दारात शमीम आपा. आमच्या शेजारीण. लग्नाहून घरी चालल्या होत्या, मशीनचा आवाज ऐकून थांबल्या.

"अगे निर्मला! तू इधर क्या कर रई?"

"आपा, बघा ना, बाही कशी बसली."

"बाही को क्या आग लगाती? बच्ची तो गई ना!"

"कुठं गेली?"

"ससुराल गई, और कहाँ! जीपवाले लोगां जल्दी मचाये, दिन में पहुँचना बोलके. सब बोले, निर्मला कमरे में रो रई, बाहर नहीं आती!"

मी ब्लाऊज तसाच हातात घेऊन पळाले. चप्पल घातली का न्हाई, माहीत न्हाई. केस सुटलेले, अंगावरून घामाच्या धारा.

हॉलवर खुर्च्या एकात एक घालून ठेवणं चालू होतं. मांडव रिकामा. पण नवरीच्या खोलीपुढं ही गर्दी! दार आतून बंद. आणि दारापुढं आमचे हे, दोन्ही हात दाराला टेकवून उभे.

मी मागून एका पाहुण्याला विचारलं, "काय झालं हो? कोण आहे आत?"

तो मागं न बघताच म्हणाला, "नवरीची आई. तासभर झाला, रडून राह्यली. पोरीनं दाराला डोकं टेकवून निरोप घेतला, तरी न्हाई उघडलं. बघवंना म्हणे माउलीला. लई मायाळू बाई."

"अरे देवा," मी म्हणलं. आणि तुम्हाला सांगते, क्षणभर मलाबी त्या बाईची दया आली!

आतून खरंच आवाज येत होता. लांब, खोल, थांबून थांबून. छायाताई डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, "ऐका, ऐका! कसा हुंदका दिला. ते ब्लाऊज निव्वळ निमित्त होतं. वहिनीला रडायला एक कोपरा पायजे होता."

आणि हे दाराला बोलत होते. हा माणूस आजवर माझ्याशी नोटिशीपेक्षा जास्त शब्द बोलला नव्हता. ते म्हणत होते, "निर्मला, उघड गं. पोरगी गेली, पण मी हाय ना. मी कधी बोललो न्हाई, पण तुझ्याबिगर मला या घरात..."

मी मागून म्हणलं, "अहो."

"थांब गं जरा," ते म्हणाले, आणि परत दाराकडं वळले.

तेवढ्यात कडी निघाली. दार उघडलं. आत आमच्या सासूबाईंची बहीण, गयामावशी. दोन्ही कानांनी बहिऱ्या. जेवण करून, कडी लावून, बिनघोर झोपल्या होत्या. तो आवाज त्यांच्या घोरण्याचा होता! एवढी गर्दी बघून म्हणाल्या, "काय रे, चहा झाला का?"

हे हळूच मागं वळले. सगळेच वळले. आणि मी उभी. लालबुंद, घामानं निथळणारी, हातात ब्लाऊज. तेवढ्यात व्हिडिओवाल्यानं काय विचार केला देव जाणे, माझ्या तोंडावर लाईट मारला आणि शूटिंग चालू केलं.

छायाताईनं मला ओढून खोलीत नेलं. "कुठं होता वहिनी?"

"घरी. बाही लावत होते."

ती कपाळाला हात लावून खालीच बसली. मंग एकदम उठली. "हे कुणाला सांगायचं न्हाई. पाहुण्यांना न्हाई आणि पल्लवीला तर बिलकुल न्हाई. तुम्ही आत होता. रडत होता. बस. आईला बघवलं न्हाई म्हणलं तर लोक नाव काढतात. आई ब्लाऊज शिवत होती म्हणलं तर त्या पोरीला सासरी जन्मभर ऐकावं लागंल."

माझं तिच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. मी त्या दाराकडं बघत होते. दाराच्या फळीवर पावडरीचा पांढरट डाग होता. पल्लवीनं कपाळ टेकवलं, तिथं.

ह्यांचा फोन वाजला. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं, परत स्क्रीनकडं. "निर्मला, तुझाच फोन येऊन राह्यला."

मी घेतला. जीपचा आवाज, वाऱ्याचा आवाज. आणि पल्लवी.

"मम्मी, तुझा मोबाईल माझ्या पर्समध्येच राह्यला. आत्ता अलार्म वाजला, म्हणून कळलं."

"हो का."

"मम्मी, मी दारात एवढ्या हाका मारल्या. एकदा तरी उघडायचं ना. मी एकच गोष्ट मागितली होती तुला." तिचा आवाज फुटला. "तुझं रडू माझ्यापेक्षा मोठं होतं का?"

छायाताई समोरून खुणा करत होती, हो म्हण, हो म्हण. सोपं होतं हो. चांगली आई झाले असते मी. पण मंग माझ्या पोरीला जन्मभर वाटलं असतं, की आई पलीकडं होती आणि तिनं दार उघडलं न्हाई.

मी म्हणलं, "पल्लवी, मी आत नव्हते."

"म्हणजे?"

"घरी गेल्ते. तुझ्या सासूच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्या लागल्या होत्या."

"मंग आत कोण होतं?"

"गयामावशी."

"मी गयामावशीचा निरोप घेतला?"

"त्या घोरत होत्या बाळा."

ती हसायला लागली. अशी हसली, अशी हसली, की मीबी हसले. छायाताईला वाटलं, आता ही खरंच गेली कामातून. आणि हसता हसता पल्लवीचं कधी रडू झालं, ते कळलंच न्हाई.

"बाही झाली का?" तिनं विचारलं.

"झाली. एकदम बराबर. दीड वर्षात असं काम झालं न्हाई माझ्या हातून."

"मंग तुझं डोकं जाग्यावर आल्तं."

"हो."

"नेमकं तेव्हाच?"

"हो बाळा. नेमकं तेव्हाच."

ती म्हणाली, "मम्मी, मला माहितीय तू मुद्दाम न्हाई केलंस. डॉक्टरनं मला सगळं समजावलंय. पण तरीबी मला तू पायजे होतीस." आणि म्हणाली, "ठेवते आता. सगळे बघून राह्यलेत."

गोळ्या दुसऱ्याच दिवशी तपासण्या करून सुरू केल्या. फरक आहे. थोडा आहे, पण आहे. ब्लाऊज आष्टीला पाठवला. विहीणबाईंचा फोन आल्ता, म्हणाल्या, "दोन्ही हात वर जातात हो! आता कोणालाबी टाटा करते." गोड बाई आहे, म्हणलं ना.

परवा लग्नाचा व्हिडिओ आला. आणि त्या व्हिडिओवाल्याची कमाल बघा! आधी पल्लवी दाराला डोकं टेकवते. मागं सनई. मंग लगेच माझं घामानं निथळणारं तोंड, हळूहळू जवळ येणारं. मंग गाडी. जोडलं असं, की मी तिथंच उभी आहे आणि पोरीला सासरी वाटे लावताना धाय मोकलून रडून राह्यले. गल्लीतल्या बाया बघायला आल्त्या, सगळ्या रडल्या. एक तर मला म्हणाली, "ताई, असं काळीज कुणाचं नसतं." मी चहा ठेवला.

पण सगळ्यांपुढं मला नीट बघता येईना. म्हणलं, एकदा एकटीनं बघायचं. पोरगी निघाली, ते डोळे भरून बघायचं. तेव्हा न्हाई तर आता.

काल दुपारी हे कोर्टात गेले. मी गॅस बंद आहे का ते बघितलं, दाराला कडी लावली, टीव्हीपुढं बसले. मनाशी म्हणलं, निर्मले, आता काहीबी होवो, हलायचं न्हाई. वंदना झाली. फुलं पडली. जेवणं झाली. पल्लवी खोलीकडं चालायला लागली, दारापाशी आली, आणि माझ्या तळव्यातून वाफ निघाली. म्हणलं, तोंडावर पाण्याचा हबका मारून येते, अर्ध्या मिनिटात. मोरीत गेले, तर नळाला पाणी आल्तं! आठ-दहा दिवसांनी येतं आमच्याकडं, कोण सोडंल? हंडा लावला, बादली लावली, पिंप भरलं, वरच्या टाकीची मोटार चालू केली.

हात पुसत बाहेर आले, तर पडद्यावर गुलाबाची फुलं आणि 'धन्यवाद'.

पोरगी परत निघून गेल्ती.